आवाहन : मृगाच्या आत पत्रे बदलायचे आहेत

सर्व सभासद, देणगीदार व श्वानप्रेमी सांगलीकरांना सस्नेह नमस्कार.

मृग तोंडावर आला आणि आपल्या निवाऱ्याच्या मागच्या शेडचे पत्रे अजून गळकेच आहेत. आत ३६ कुत्री आहेत. त्यांतली ११ जातिवंत, म्हणजे कुणीतरी कधीतरी पैसे मोजून आणलेली.

मार्चमध्ये कुपवाड रस्त्याकडेला सोडून दिलेली लॅब्रेडॉर मादी आणली. आचळं लोंबलेली, कोपरांना घट्टे, पिंजऱ्याच्या जाळीवर उभं राहून पंजे फाकलेले. हिरवळीवर सोडली तर एकेक पाय उचलून ठेवत होती. पायरी म्हणजे काय हे तिला माहीतच नव्हतं. कुत्र्यांच्या पैदाशीचे केंद्राचे २०१७ चे नियम सांगतात की दीड वर्षाच्या आत मादीची वीण घ्यायची नाही, वर्षात एकापेक्षा जास्त नाही, जन्मात पाचाच्या वर नाही. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. ब्रीडरने, म्हणजे पैदास करणाऱ्याने, राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. हिच्या किती विणी झाल्या ते हिलाच ठाऊक. हिची पिल्लं कुणाकुणाच्या वाढदिवसाला गेली असतील. नेणारी माणसं वाईट नसतात हो, पण पिल्लू बघतात आणि ‘आई दाखवा’ म्हणत नाहीत.

विकत घेणारा प्रत्येक जण पापी, असं संस्थेचं म्हणणं नाही. धनगराने राखणीसाठी ओळखीच्याकडून, आई-बाप डोळ्यांनी पाहून पिल्लू आणलं, ती गोष्ट वेगळी. पण सांगलीच्या मे महिन्यात फ्लॅटमध्ये बर्फातला हस्की? चपट्या नाकामुळे धड श्वास घेता येत नाही तो पग? हौस आपली, धाप त्याची. आणि इकडे लस टोचलेली, माणसाळलेली गावठी पिल्लं दर रविवारी फाटकाशी येऊन बसतात, ती ‘गावठी’ म्हणून मागे राहतात.

२०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा गावभागातल्या गच्च्यांवर अडकलेली कुत्री आपल्या पोरांनी होडीतून काढली, ते कुणी विसरलेलं नाही. होडी देणाऱ्या हरिपूरच्या काकांनी डिझेलचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. मेसवाल्या मावशींचं स्वतःचं घर पाण्यात होतं, तरी त्या सव्वा महिना रोज पातेलंभर भात पाठवत राहिल्या. आपले निवृत्त डॉक्टर आजही गुडघेदुखी सांभाळत नसबंदीच्या शस्त्रक्रिया करतात, फी विचारली की चहा मागतात. आणि कै. मास्तरांनी ही जागा दिली नसती तर संस्था आजही चिटणिसाच्या पडवीत असती (चिटणिसाच्या बायकोला हे विशेष आठवतं). या सगळ्यांचं ऋण न फिटणारं आहे.

मात्र गेल्या वर्षीच्या आवाहनाला सात जणांनी प्रतिसाद दिला. सात! रात्री साडेअकराला ‘कुत्रं पडलंय, गाडी पाठवा’ असा फोन करणारे त्याहून कितीतरी जास्त आहेत. गाडी जाते, आणि फोन केलेली व्यक्ती तिथे नसते. असो.

पत्रे १४, मजुरीसह अंदाजे ३८,००० रु., जमा ९,५००. रोख, चेक, गूगल पे काहीही चालेल, पावती मिळेल. खाते क्रमांक वार्षिक अहवालाच्या मागच्या पानावरचाच. तांदूळ, गोणपाट, जुन्या चादरी चालतील. गोड पदार्थ व कोंबडीची शिजवलेली हाडं कृपया आणू नयेत. दत्तक : दर रविवारी १० ते १, आधारची प्रत, घरातले सगळे सोबत, भाड्याचं घर असल्यास मालकाची चिठ्ठी. रेबीज व नाइन-इन-वन (एकाच टोचणीत अनेक रोगांवरची) लस आणि नसबंदी संस्थेकडून. पंधरा दिवसांनी आम्ही घरी येऊन पाहू, राग मानू नये.

आपला,
चिटणीस

ता. क. : वर लिहिलेली लॅब्रेडॉर आता पायरी चढते. उतरताना मात्र शेजारी माणूस लागतो. घर तळमजल्यावर असेल तर आधी मला सांगा.