ऑपरेशनपूर्वीचा ‘फिटनेस’ आणि न दिसणारा हृदयविकार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या इंदूरच्या मराठी घरांत कुणाचे मोठे ऑपरेशन ठरले की पहिली विचारणा होते, ती ‘फिटनेस मिळाला का?’ अशी. गेल्या वर्षी माझ्या आत्याचे खुब्याचे हाड मोडले, तेव्हा आम्हीही तेवढेच विचारले. बरीच वर्षे इन्सुलिन घेणाऱ्या आत्याचा ईसीजी चांगला आला, ऑपरेशनही व्यवस्थित झाले. तिसऱ्या दिवशी मात्र तिला दम लागला, रक्तदाब उतरला. छातीत दुखते असे ती एकदाही म्हणाली नाही. हृदयाला इजा झाल्याचे तपासणीत कळले आणि पाचव्या दिवशी ती गेली. मागाहून आठवले, की जिना चढताना धाप लागते म्हणून तिने गच्चीवर वाळवणे घालायला जाणे वर्षभरापूर्वीच सोडले होते. आम्ही ते वयावर ढकलले आणि डॉक्टरांना सांगितले नाही, ही चूक आमची. पण ते आम्हाला कुणी विचारलेही नाही.

हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असूनही स्वस्थ पडून काढलेला ईसीजी निर्दोष येऊ शकतो. जुन्या मधुमेहात हृदयाची वेदना जाणवतेच असे नाही, आणि ऑपरेशननंतर वेदनाशामकांमुळे उरलीसुरली खूणही झाकली जाते. हृदयाखेरीज अन्य ऑपरेशने झालेल्या, ४५ वर्षांच्या व त्यापुढच्या सुमारे १५ हजार रुग्णांचा अनेक देशांतील अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या ट्रोपोनिन या प्रथिनावरून सुमारे ८ टक्के रुग्णांच्या हृदयाला इजा झाल्याचे दिसले आणि त्यांपैकी सुमारे ८४ टक्क्यांना हृदयविकाराचे कोणतेही लक्षण जाणवले नव्हते. इजा झालेल्यांतील जवळजवळ दहातला एक जण महिन्याभरात दगावला.

सर्वांची अँजिओग्राफी करावी, असे माझे म्हणणे नाही. शिवाय मोडलेल्या खुब्याचे ऑपरेशन लांबवणे हेही घातकच असते. परंतु वयस्कर, मधुमेही, मूत्रपिंडाचा विकार असलेल्या किंवा पूर्वी पक्षाघात होऊन गेलेल्या रुग्णांची ट्रोपोनिन चाचणी मोठ्या ऑपरेशनपूर्वी एकदा आणि नंतरचे दोन दिवस रोज करण्याचा प्रघात शहरातील रुग्णालयांनी पाडावा. ‘दोन जिने न थांबता चढता येतात का?’ हा प्रश्न फिटनेसच्या कागदावर छापलेलाच असावा. आणि स्टेंट बसवलेल्यांच्या नातेवाइकांना माझी कळकळीची विनंती आहे, की ऑपरेशन आहे म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. आधी हृदयरोगतज्ज्ञांना आणि भूलतज्ज्ञांना विचारा.

आपली,
एक वाचक, इंदूर