संशोधन आमच्या हाती देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र थेट तुमच्या घरी पाठवता आलं असतं. पण तुम्ही केलेलं काम आमच्या केंद्रातल्या शाळांपुरतंच माहीत राहावं हे मला पटत नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. खानदेशातल्या, आणि बाहेरच्याही, इतर शिक्षकांनी ते वाचावं.

शिक्षण परिषदेला, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीला, गेलं की हातात पुस्तिका येते. ‘विद्यार्थ्यांमध्ये अधिबोधात्मक कौशल्यांचे विकसन होणे अपेक्षित आहे’ असं वाक्य तिच्यात असतं; म्हणजे आपल्याला काय कळलं, काय नाही, हे मुलांना स्वतःच तपासता यावं. त्यात खोटं काही नाही. पण ते वाचून तिसरीच्या वर्गात परिपाठानंतर नेमकं काय करायचं, हे कोणालाच उमगत नाही. ज्या संशोधनातून ते वाक्य आलं, ते इंग्रजीत; बरेचदा पैसे भरल्याशिवाय उघडतही नाही. तुम्ही ते मिळवून वाचलंत, शिक्षकाला रविवारी दुपारी निवांत वाचता येईल अशा दोन पानांत मांडलंत, आणि झेरॉक्स काढून आमच्यापर्यंत पोचवलंत. यातलं एकही काम तुमच्या नोकरीचा भाग नव्हतं.

पहिलं टिपण मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅवेल यांच्या १९७९ च्या लेखावर होतं. त्यातला एक प्रयोग मी सहकाऱ्यांना कितीदा तरी सांगितला आहे. मुलांसमोर काही वस्तू ठेवल्या आणि सांगितलं, सगळ्या नक्की आठवतील अशी खात्री झाली की मगच तसं सांगा. मोठ्या मुलांनी ‘झालं’ म्हटलं की बहुधा खरंच झालेलं असे. लहानांनीही थोडा वेळ बघून ‘झालं’ म्हटलं, पण बहुधा ते झालेलं नसे. पोरं खोटं बोलत नव्हती. आपल्याला किती येतं हे आतून तपासणं हीच वेगळी शिकण्याची गोष्ट आहे, आणि ती अजून त्यांच्यात यायची होती. वर्गात ‘समजलं का?’ विचारलं की ‘हो मॅडम!’ असा जो एकसुरी गजर होतो, तो का होतो आणि त्यावरून काहीच का कळत नाही, हे त्या टिपणाने लख्ख दाखवलं.

दुसरं टिपण मला सर्वांत जवळचं आहे. एलन मार्कमन यांचा १९७७ चा अभ्यास. पहिली ते तिसरीच्या मुलांना पत्त्यांच्या एका खेळाचे नियम सांगितले, पण त्यातली कळीची माहिती मुद्दाम गाळली. लहान मुलांना सूचना पूर्ण वाटल्या. प्रत्यक्ष खेळायला गेल्यावरच बऱ्याच जणांच्या लक्षात आलं की काहीतरी राहिलंय. तुम्ही हे नुसतं सांगून थांबला नाहीत. खाली आमच्यासाठी लिहिलंत: हे वर्गात करायचं तर मुलांच्या ओळखीची कृती घेऊ नका. भरताची कृती सांगताना वांगं भाजायचं गाळलंत तरी आपल्या पोरांना ते जाणवणार नाही, कारण भाजायचं ते मनातच भरून घेतील. म्हणून नवा, न खेळलेला खेळ घ्या. मूळ लेखाचं मर्म धरून त्याला आपल्या मातीत असं उतरवणं हे नुसत्या भाषांतराने होत नाही. त्यासाठी लेखही कळावा लागतो आणि आपली पोरंही.

तिसऱ्या टिपणाबद्दल थोडं वेगळं सांगायचं आहे. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने वाचनाची एकच फेरी घेतली आणि मग न बघता आठवेल ते लिहून काढण्याचा सराव केला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, साधारण ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने चित्र उलटलं: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील असं वाटत होतं ते वाचणाऱ्यांनाच! शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीत अडकलेल्या आमच्या पाचवीच्या शिक्षकांना हे आकडे बघून हुरूप आला. पण तुम्ही त्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की ही मुलं कॉलेजातली होती, भाषा त्यांची स्वतःची होती, उतारे छोटे होते. अहिराणी बोलणाऱ्या आणि प्रमाण मराठीत शिकणाऱ्या दहा वर्षांच्या मुलावर हा निष्कर्ष जसाच्या तसा लादू नका, आधी आठवून तोंडी सांगू द्या, लिहिणं नंतर.

सोपं लिहिण्याच्या नावाखाली अनेक जण हीच वाक्यं पहिल्यांदा कापतात. आकडा ठेवतात, अट काढून टाकतात. तुम्ही अवघड शब्द काढलेत, लांबलचक वाक्यं तोडलीत, ‘केले गेले’, ‘आढळून आले’ यांऐवजी कोणी केलं ते लिहिलंत. पण शंका आणि मर्यादा तशाच ठेवल्यात. गावातल्या शिक्षकाला अर्धवट सत्य पुरेल असं तुम्ही धरलं नाहीत. मला सर्वांत जास्त आभार याचेच मानायचे आहेत.

आणखी एक. प्रत्येक टिपणाचा कच्चा मसुदा तुम्ही आधी आम्हाला देता आणि सांगता, वाचता वाचता जिथे अडलात तिथे पेन्सिलने खूण करा, कारण लिहू नका. सुरुवातीला कोणी खुणाच करेना. शिक्षकाने ‘मला कळलं नाही’ म्हणायचं म्हणजे कमीपणा वाटतो. तुम्ही तुमच्याच एका जुन्या शोधनिबंधाचं पान दाखवलंत, त्यावर तुमच्याच खुणा होत्या. मग खुणा यायला लागल्या. जिथे चार जणांच्या खुणा एकाच ओळीवर पडल्या, ती ओळ तुम्ही नव्याने लिहिलीत. आपण वाचताना कुठे अडतो यावर नजर ठेवणं आम्ही पोरांना शिकवायचं होतं. ते आधी आमच्याकडून तुम्ही करून घेतलंत.

वर्गात आता वहीच्या समासात खूण करायची मुभा आहे. दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेली मुलं परत येतात तेव्हा याचा किती उपयोग होतो ते तुम्हाला कळवायचं राहिलं होतं. पूर्वी अशा मुलाला ‘काय येतं?’ विचारलं की ते मान खाली घालायचं. यंदा एका मुलाने भागाकाराचं पान उघडून बोट ठेवलं आणि म्हणाला, “आठलोंग समजनं, पुढे नही.” (इथपर्यंत समजलं, पुढे नाही.) बोट मधल्या एका पायरीवर होतं. मला पूर्ण धडा पुन्हा घ्यावा लागला नाही. त्या एका पायरीपासून सुरुवात केली.

सगळीकडे असं झालेलं नाही. पहिली-दुसरीत अजून जमत नाही, आणि ते जमेल तितकंच अपेक्षित धरा असं तुम्हीच सांगितलं आहे. भिलोरी आणि पावरी बोलणारी मुलं असलेल्या शाळांतल्या बाईंचं म्हणणं आहे की खूण केली तरी नंतरचं बोलणं कोणत्या भाषेत करायचं हा प्रश्न राहतोच. तो त्यांनी स्वतः लिहून काढला आहे, सोबत पाठवते.

पुढचं टिपण शाब्दिक उदाहरणांवर असावं अशी चौथी-पाचवीच्या शिक्षकांची मागणी आहे. उदाहरण वाचून मुलं थेट आकड्यांकडे धावतात, काय विचारलंय ते पाहत नाहीत. यावर कोणी काय अभ्यासलं आहे ते शोधाल का? मसुदा कितीही कच्चा असला तरी पाठवा.

आपली कृतज्ञ,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळेतील एक शिक्षिका
अमळनेर तालुका, जि. जळगाव