तिला नुसती गायिका म्हणू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकन गायिका-पियानोवादक अ‍ॅलिशिया कीजच्या पहिल्या अल्बमवरचा लेख वाचला. 'साँग्ज इन ए मायनर'ची आठवण मराठीत कुणी काढली, याचाच आनंद झाला. पहिल्या आठवड्यात २ लाख ३६ हजार प्रती, २००२ साली एका रात्रीत पाच ग्रॅमी, हे सगळं लेखात आहे. पियानो मात्र फक्त फोटोखालच्या ओळीत आहे. तेवढ्यासाठी हे पत्र.

मी पेटी शिकवते, त्यामुळे हा अल्बम मला आधी बोटांतून कळला. न्यूयॉर्कच्या हेल्स किचन वस्तीत आईनं एकटीनं वाढवलेली ही मुलगी सातव्या वर्षी पियानोवर बसली, तीही बेथोवन, शोपँ अशा पाश्चात्त्य अभिजात रचनाकारांचं संगीत शिकायला. अल्बम उघडतो तोच बेथोवनच्या 'मूनलाइट सोनाटा'नं. मग त्याच सुरांखाली आजचा ठेका सुरू होतो.

याच अल्बममधलं 'फॉलिन' हे गाणं नीट ऐका. आधी नुसता गळा, साथीला काहीही नाही. मग पियानो येतो तो दोनच कॉर्ड (एकदम वाजवलेले स्वरसमूह) घेऊन, ई मायनर आणि बी मायनर, आणि त्या दोघांतच घुटमळत राहतो. वजन सहा मात्रांचं, आपल्या कानाला दादऱ्याच्या जवळचं. प्रेमात पडायचं, सावरायचं, पुन्हा पडायचं, हे शब्द जे सांगतात तेच ते दोन कॉर्ड सांगत असतात. दुसऱ्या कुणी साथ केली असती तर हे असं जमलं नसतं, असं माझं ठाम मत आहे. आपला श्वास कुठे तुटणार, हे तिच्या हातांना आधीच ठाऊक असतं! हे गाणं अमेरिकेत सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं.

आणि हे तिला सहज मिळालेलं नाही. शाळकरी वयातच कोलंबिया रेकॉर्ड्सशी करार झाला. त्याच नावाच्या विद्यापीठातही प्रवेश मिळाला होता, तो तिनं गाण्यापायी सोडला. पण कंपनीनं दिलेल्या निर्मात्यांशी तिचं पटेना. मग घरीच ध्वनिमुद्रणाचं सामान मांडून ती स्वतः शिकली. संगीत कंपन्या चालवणारे क्लाइव्ह डेव्हिस यांनी तिला त्या करारातून सोडवून घेतलं आणि जून २००१मध्ये त्यांच्या नव्या जे रेकॉर्ड्सकडून अल्बम आला. तेव्हा ती वीस वर्षांची होती. बहुतेक गाण्यांचं लेखन आणि निर्मिती तिचीच.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीचा गळा सुरेख आहे. तिचे वडील परवा म्हणाले, "बाई, तिला गायचंय. पेटी कशाला? साथीला माणूस मिळतो की." मी वाद घातला नाही. तिला 'फॉलिन' ऐकवलं. दुसऱ्या दिवशी ती वेळेच्या आधीच आली, डाव्या हातानं भाता ओढत उजव्या हाताची तीन बोटं ई मायनरवर बसवू लागली. बी मायनर अजून चुकतो.

अ‍ॅलिशियावर पुन्हा लिहाल तेव्हा चार ओळी तिच्या हातांबद्दलही छापा, ही विनंती.

कळावे,
एक हार्मोनियम शिक्षिका, सांगली