विग बसवून देणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

केमोच्या वॉर्डातल्या आम्हा परिचारिका आणि समुपदेशकांचं हे पत्र. तोंडी आभार मानायला गेलं की तुम्ही "माझं कामच आहे ते" म्हणत टेप गुंडाळायला लागता. म्हणून लिहून कळवतोय.

पहिले आभार, तुम्ही वेळेआधी बोलावता याबद्दल. केस घालवणारी औषधं असली की पहिल्या केमोनंतर साधारण २ ते ३ आठवड्यांत केस हातात यायला लागतात. तोवर थांबलेली बाई घाबरून येते, आणि आपला भांग नेमका कुठे होता हेही तिला सांगता येत नाही. तुम्ही डोक्यावर केस असतानाच भांगाचा फोटो काढून घेता, रंग जुळवायला एक बट ठेवता. टेप कपाळावरच्या केसांच्या रेषेवरून, कानांच्या वरून, मानेच्या खळगीपर्यंत नेऊन परत पुढे आणता. बहुतेकींचं माप ५४ ते ५७ सेंटिमीटर भरतं. केस गेल्यावर ते कमी होतं आणि तोच विग सैल पडतो. म्हणून मागच्या पट्ट्या आवळायला जागा ठेवता आणि पुन्हा एकदा बोलावताच.

उरलेले केस काढायचे तर वस्तरा नको, मशीन, हे तुम्ही घरच्यांनाही बजावता. रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना बारीक कापलेलंही चिघळू शकतं. पण मशीन कधी फिरवायचं, ते मात्र तिलाच ठरवू देता. याचं मोल आम्हाला फार वाटतं. आपल्याकडे बाईचं डोकं चकोट झालं की मनात केशवपनच येतं. विधवांचं वपन करणार नाही असं मुंबईच्या न्हाव्यांनी ठरवलं ते १८९० मध्ये. तरी आजही आरशासमोर "मी अशुभ दिसते" असं म्हणणाऱ्या बायका आहेत. "जीव वाचतोय ना, मग केसांचं काय" या वाक्याने त्या गप्प होतात, सावरत नाहीत. ते वाक्य तुमच्या तोंडून कधी येत नाही.

खरी भीती असते ती "सरकला तर?" याची. तुम्ही ती समजावत बसत नाही, विगच नीट बसवता. तुळतुळीत डोक्यावर क्लिपा धरायला केस नसतात आणि गुळगुळीत अस्तर घसरतं, म्हणून आधी सुती टोपी. मग पुढची कड भुवयांच्या वर साधारण चार बोटं. विग टोपीसारखा खाली ओढला की कपाळ लहान होतं आणि पाहणाऱ्याला लगेच कळतं. कानांपुढची दोन्ही टोकं एका रेषेत. कडेखाली एक बोट सहज जायला हवं. फार आवळला की संध्याकाळी डोकं ठणकतं, कपाळावर लाल वळ उठतो, आणि आजार वाढला या धास्तीने ती रात्रभर जागी राहते. एवढं झालं की तुम्ही तिला वाकून नमस्कार करायला लावता, मान झटकायला लावता, पंखा पाचवर करून खाली उभी करता. जागचा हलला नाही हे तिचं तिला कळतं, आणि सारखा कानाशी जाणारा हात थांबतो.

"मी टोप लावून लोकांना फसवतेय" असंही काहीजणी म्हणतात. त्यांना तुम्ही आपल्या आज्या-पणज्यांच्या अंबाड्यातलं गंगावन, म्हणजे वरून जोडलेले केस, आठवायला सांगता. हे उत्तर आम्ही उचललंय. आजार कुणाला सांगायचा, कधी सांगायचा, हे विगमुळे तिच्या हातात राहतं. मात्र चोवीस तास लपवणंही दमवतं. म्हणून कोणाकोणाला सांगायचं ते आधी ठरवून घेता, आणि बाकीच्यांसाठी एक वाक्य पाठ करून घेता: "उपचार चालू आहेत, सध्या विग लावते." घरात लहान मूल असेल तर विग त्याच्या हातात देता, त्यालाच विंचरू देता.

कृत्रिम केस गॅसच्या आचेने, कुकरच्या वाफेने आखडतात आणि मग सुधारत नाहीत. स्वयंपाक करताना विग काढून सुती रुमाल बांधायचा, हा तुमचा नियम. वस्तू वाचवण्यासाठी सांगितलेल्या या नियमामुळे घरच्यांसमोर उघड्या डोक्याने वावरायची सवय आपोआप होते. भुवयांचंही तसंच. त्या विरळ होण्याआधी पेन्सिलीने रेखायला शिकवता, कारण भुवया नसलेल्या चेहऱ्यावर उत्तम विगही परका वाटतो.

विग उतरवण्याच्या दिवसांबद्दल फारसं कुणी बोलत नाही, तुम्ही बोलता. शेवटच्या केमोनंतर काही आठवड्यांत लव येते, पुढे महिन्याला साधारण १ सेंटिमीटर. नवे केस कुरळे किंवा करडे येऊ शकतात, आणि "हे माझे नाहीत" म्हणून पुन्हा रडू येतं. लांब विगवरून एकदम बोटभर केसांवर येणं फार अवघड. त्यासाठी तुम्ही तोच विग दोन-तीनदा कापून आखूड करत नेता, म्हणजे ऑफिसातल्यांची नजरही सरावते.

परत आलेले विग आम्ही तुमच्या सांगण्याप्रमाणे धुतोय: थंड पाण्यात एक झाकण शाम्पू, पाच मिनिटं भिजवून, न पिळता, टॉवेलमध्ये दाबून, सावलीत स्टँडवर. विंचरताना टोकाकडून वर. आखूड, काळे विग तयार आहेत. सुती टोप्या मात्र संपत आल्यात. येताना बिनशिवणीच्या आणा, कानामागची शिवण टोचते असं पुष्कळजणी सांगतात.

तुमच्या,
वॉर्डातल्या परिचारिका आणि समुपदेशक