भाव इनबॉक्समध्ये कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्या बायकांवर लेख होता. वाचून बरं वाटलं. पण शेवटी 'आता ऑनलाइन जाहिरात करा, ग्राहक आपोआप येतील' एवढ्यावरच तो आटोपला. आपोआप काही येत नाही हो. 8 हजार रुपये घालवून आमच्या घरी हे कळलं आहे, म्हणून लिहिते.

सीताबर्डीवरच्या एका जाहिरात एजन्सीत मी 23 वर्षं काउंटरवर होते. छोट्या जाहिराती लिहून घ्यायच्या, शब्द मोजायचे, पैसे घ्यायचे, पावती फाडायची. शब्दागणिक पैसे, त्यामुळे माणूस काउंटरवर उभ्या उभ्या शब्द काटायचा आणि हमखास नको तोच काटायचा. धंतोलीचे एक घरमालक आठवतात. एप्रिल महिना होता. 'सुंदर, प्रशस्त, हवेशीर ब्लॉक भाड्याने देणे आहे. कूलरसाठी खिडकी.' पैसे ऐकले आणि म्हणाले, ती खिडकी काढून टाका. मी म्हटलं, काका, सुंदर काढा, प्रशस्त काढा, खिडकी राहू द्या. एप्रिलमध्ये नागपुरात घर शोधणारा आधी कूलर कुठे बसेल ते बघतो, भिंतींचा रंग नंतर. कुरकुरत का होईना, ऐकलं त्यांनी. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत 11 फोन आले म्हणून सांगायला परत आले होते.

जाहिरातीचा मजकूर लिहिण्याला कॉपीरायटिंग म्हणतात, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं.

आता माझ्या सुनेची गोष्ट. त्रिमूर्तीनगरात आमच्या घरून ती हिवाळ्यात सांबारवडी करून विकते. हात चांगला आहे तिचा, सारणात खसखस-चारोळी टाकताना हात आखडत नाही. पहिल्या वर्षी ओळखीपाळखीवर चाललं. दुसऱ्या वर्षी तिने एका एजन्सीला महिन्याचे 8 हजार देऊन सोशल मीडियाचं काम दिलं. दोन मुलं आली, लॅपटॉप घेऊन, फार नम्र. चार दिवसांनी जाहिरात आली ती अशी: 'परंपरेची चव, आधुनिकतेचा साज! खास तुमच्यासाठी घेऊन आलो आहोत कोथिंबीर रोल्स. किंमत जाणून घेण्यासाठी आजच डीएम करा!' डीएम म्हणजे इनबॉक्समध्ये खासगी मेसेज.

आता बघा, नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. भाजीवाल्याकडे आपण सांबाराची जुडी मागतो. प्रतापनगरच्या बाईला थंडीत वडी खावीशी वाटली तर ती मोबाइलवर 'सांबारवडी' असंच टाकणार. 'कोथिंबीर रोल्स' टाकून शोधणारं माणूस मला अजून भेटायचं आहे. मी तसं म्हटलं, तर त्यातला एक म्हणाला, "काकू, पुण्या-मुंबईचे लोक सांबार म्हटलं की इडलीसोबतचं समजतात." खरं आहे. पण पुण्या-मुंबईला गरम वडी पोचवणार कोण?

त्या जाहिरातीला जवळजवळ 3 हजार लाइक पडले. सून हरखली. ऑर्डर किती? महिनाभरात 6, त्यातल्या 2 तिच्या मावसबहिणीच्या. मग माझ्या नातवाने जाहिरातीच्या सेटिंगमध्ये जाऊन बघितलं. जाहिरात अख्ख्या महाराष्ट्राला दाखवायला लावली होती आणि उद्देश म्हणून लाइक-कमेंटवाला पर्याय निवडला होता. यंत्राला लाइक आणायला सांगितलं, त्याने इमानदारीने लाइक आणून दिले. जळगाव, सोलापूर, नांदेड, सगळीकडून अंगठे आले. एजन्सीला दिलेले 8 हजार गेलेच. जाहिरातीचा पैसा वेगळा, त्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा.

मग मी जुनी सवय बाहेर काढली. फोनजवळ 40 पानी वही ठेवली आणि सुनेला सांगितलं, आठ दिवस कोणी काहीही विचारलं तर त्याच्याच शब्दांत लिहून ठेव, सुधारू नकोस. वहीत आलं ते असं: प्लेटमध्ये नग किती येते? कढी सोबत देता का? लसूण टाकता का, माझ्या सासूबाईंना चालत नाही. गरम भेटते की घरी नेऊन तळा लागते? मनीषनगरले पोचवून देता का? आणि पानोपानी एकच, ताई, भाव काय?

परंपरा किती जुनी, हे एकानेही विचारलं नव्हतं.

त्या वहीवरून नवी जाहिरात केली: 'गरम सांबारवडी. 4 नग 100 रुपये, सोबत कढी. रोज संध्याकाळी 5 ते 8, सोमवारी बंद. बिनलसणाची हवी तर दुपारी 2 पर्यंत कळवा. प्रतापनगर, खामला, जयताळा घरपोच, 30 रुपये. त्यापुढे पोचवत नाही.' फोटो सुनेनेच मोबाइलवर काढला, मधून कापलेल्या वडीचा, हिरवं सारण दिसेल असा. खाली अन्न नोंदणीचा 14 आकडी नंबर. घरापासून 5 किलोमीटर एवढाच टापू निवडला आणि लाइकऐवजी मेसेजवाला पर्याय. रोजचे 150 रुपये लावले. लाइक आले 40. पहिल्या आठवड्यात प्लेटी गेल्या 70.

'त्यापुढे पोचवत नाही' या ओळीवर सून अडली होती. "आई, नाही असं लिहिलं तर लोक तुटतील ना?" मनीषनगरवाले तुटलेच. पण दिवसातून दहादा तेच उत्तर देणं वाचलं आणि तेवढ्या वेळात ती दोन घाणे जास्त काढू लागली.

भावाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण हा रोग सगळीकडे पसरला आहे. साडीवाली, केकवाली, ट्यूशनवाले, सगळे 'किंमत इनबॉक्समध्ये' म्हणतात. एजन्सीच्या त्या मुलांचं म्हणणं, भाव झाकला की लोक विचारतात आणि विचारलं की संवाद वाढतो. मला तर इतवारीची रीत माहीत आहे. दुकानदार भाव सांगायला लागला की आधी तुमच्या चपलेकडे बघतो. इनबॉक्समध्ये भाव विचारा म्हटलं की माणसाला तीच शंका येते, की आपला फोटो बघून हे आकडा ठरवणार. तो विचारतच नाही, पुढे सरकतो. 100 रुपये महाग वाटणारा माणूस इनबॉक्समध्ये येऊनही घेणार नसतोच. मग त्याचा आणि आपला वेळ कशाला?

दुसरा रोग खोट्या घाईचा. धरमपेठेतल्या एका दुकानाच्या पानावर 'शेवटचे 3 दिवस' दिवाळीपासून चालू आहेत, मी हे लिहिते आहे तोवर होळी आली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये ऑनलाइन फसवणुकीच्या 13 प्रकारांना मनाई केली, त्यात ही खोटी घाई आहे. जाहिरात करणारा आणि विकणारा, दोघांनाही ते नियम लागू आहेत. पण मला वाटतं, कायद्याआधी गिऱ्हाईकच शिक्षा करतं. आमच्याकडे खरंच सांबार संपतो तेव्हा सून स्टेटसवर 'आज 12 प्लेटी उरल्या' लिहिते आणि त्या संपल्या की स्टेटस काढून टाकते. लोक धावत येतात, कारण ती एरवी कधी असं लिहीत नाही.

स्टेटसवरून आठवलं. एकच संदेश एकदम अनेकांना धाडायच्या व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसतात म्हणून लोक दिसेल तो नंबर त्यात कोंबतात. पण ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे, त्यालाच तो संदेश जातो. आम्ही आता डब्यावर छोटी चिठ्ठी लावतो, 'सांबारवडी त्रिमूर्तीनगर या नावाने नंबर साठवा'. विकत घेतलेल्या हजार नंबरांपेक्षा असा नंबर साठवलेले 90 जण कामाचे.

आणि कोणती जाहिरात चालली हे कळायला फार शिकावं लागत नाही. इतवारीचे एक फर्निचरवाले आमच्याकडून दोन पेपरांत जाहिरात द्यायचे. एकीत 'विभाग 3 मध्ये चौकशी करा', दुसरीत 'विभाग 7'. दुकान एका खोलीचं, विभाग कसले! पण येणारा कोणता आकडा विचारतो त्यावरून त्यांना पेपर कळायचा. सून आता जाहिरातीत 'कढी जास्त म्हणा' लिहिते आणि डब्यावरच्या चिठ्ठीत 'चटणी जास्त म्हणा'. जो जे मागेल, तो तिथून आला.

रील करणाऱ्या मुलांचंही बोलायला हवं. दोघे-तिघे आले, फुकट खाऊन 'नागपुरातली नंबर एक' म्हणायला तयार होते. पैसे किंवा फुकट माल घेऊन केलेल्या रीलवर ती जाहिरात आहे असं लिहिलं पाहिजे, हे जाहिरात मानक परिषदेच्या 2021 च्या नियमांत आहे. सुनेने तशी अट घातली. एक तयार झाला, बाकीचे प्लेट रिकामी करून निघून गेले.

सध्या उन्हामुळे सांबार महागलाय आणि जुडीही मरतुकडी येऊन राहिली आहे, त्यामुळे आमचं काम कार्तिकापर्यंत बंद. सुनेने पानावर तसंच लिहून ठेवलं आहे. मधल्या काळात चार शेजारणींच्या जाहिराती मी लिहून देते. त्यातली पापडवाली अजून ऐकत नाही, 'भाव फोनवर' यावर अडून बसली आहे.

पत्र लांबलं, माफ करा. जागा कमी असेल तर माझ्या नोकरीचं काटा, रीलवाल्यांचं काटा. 4 नग 100 रुपये मात्र राहू द्या.

आपली,
एक जुनी काउंटरवाली
त्रिमूर्तीनगर, नागपूर