मॅग्नेट शाळेतलं अर्धंच का छापता?

संपादक महोदय, स. न.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या मॅग्नेट शाळांवर, म्हणजे एखाद्या खास विषयासाठी वेगवेगळ्या वस्त्यांतली मुलं जिथे येतात अशा सरकारी शाळांवर, लेख आला होता तो ऑनलाइन वाचला. आम्ही न्यू जर्सीत बर्गन काउंटीत राहतो, त्यामुळे हॅकेन्सॅकच्या बर्गन काउंटी अकॅडमीजचं नाव बघून आधी बरं वाटलं, पण पुढे वाचत गेलो तर नुसतं रँकिंग, मोठ्या कॉलेजात कोण गेलं, प्रवेश परीक्षा किती कडक आणि फी कशी शून्य, एवढंच. म्हणजे आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर जे चालतं तेच तुम्ही छापलंत. शाळा काय आहे ते राहूनच गेलं.

म्हणून थोडं लिहितो. ही शाळा १९९१ साली जॉन ग्रीको नावाच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी सुरू केली, तेव्हा फक्त सायन्स-टेक्नॉलॉजीची अकॅडमी होती. आता एकाच आवारात अशा सात अकॅडमी, म्हणजे विषयवार शाखा, आहेत. सायन्स, मेडिकल, इंजिनिअरिंग-डिझाइन, कॉम्प्युटर, बिझनेस ही नावं आपल्या लोकांना तोंडपाठ असतात. उरलेल्या दोन सांगा म्हटलं की विचार करायला लागतात. एक आहे चित्र-नाटक-संगीताची आणि दुसरी चक्क स्वयंपाक आणि हॉटेल व्यवसायाची!! आणि गंमत म्हणजे कागदोपत्री ही सगळी शाळा काउंटीच्या टेक्निकल-व्होकेशनल खात्यात येते, आपल्याकडे आयटीआय ज्या प्रकारात मोडतं त्याच प्रकारात. हे ऐकलं की आपल्या लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

आता मुलं नववीला येतात ती कुठल्या तरी एकाच अकॅडमीत येतात हे खरं, पण त्याचा अर्थ आपल्या अकरावीसारखा नाही. नाटकवाल्या मुलीलाही फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्ही करावं लागतं, सुटका नाही. सकाळी आठला शाळा ती चार वाजून दहा मिनिटांपर्यंत, म्हणजे इथल्या इतर शाळांपेक्षा बरीच लांब, कारण अकॅडमीचा विषय आणि बाकीचे विषय दोन्हींना वेळ द्यायचा तर तो कुठून तरी काढावा लागणारच ना. बुधवार प्रोजेक्टसाठी राखून ठेवलेला असतो. बारावीची मुलं तर बुधवारी शाळेत नसतातच, कोणी हॉस्पिटलमध्ये, कोणी लॅबमध्ये, कोणी ऑफिसात किंवा स्टुडिओत काम शिकायला जातात. शाळेत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आहे, आपल्याकडे अनेक कॉलेजांत तो फक्त पुस्तकातल्या चित्रात असतो. आणि त्याच शाळेत कोणी तरी नाटकाचा सेट ठोकत असतं. माझ्या मते शाळेची खरी करामत ही आहे, रँकिंग नंतर येतं.

पण आपले लोक काय करतात? इथे एका स्ट्रिप मॉलमध्ये किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर या शाळेच्या प्रवेश परीक्षेचा कोचिंग क्लास आहे, नाव लिहीत नाही. रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये गाड्यांची रांग, आई-बाबा गाडीतच बसून चहाच्या थर्मासातून चहा पितायत आणि सहावी-सातवीची पोरं वर गणिताच्या प्रश्नपत्रिका सोडवतायत. इंग्रजीचा निबंधही पाठच करून घेतात. पोरगं छान चित्रं काढतं हे माहीत असलं तरी आर्ट्सच्या अकॅडमीला अर्ज टाकायचं कोणी नाव काढत नाही, कारण "तिकडे जाऊन काय करणार". हे वाक्य पुण्याहून विमानात बसून आमच्याबरोबरच आलंय. आता तर हुशारी एवढी वाढलीय की चेलो (मोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य) शिकवायचा तोसुद्धा कॉलेजच्या अर्जात बरा दिसतो म्हणून, अर्ज गेला की चेलो कपाटात.

बरं, मॅग्नेट शाळा मुळात निघाल्या कशाला तेही लेखात नव्हतं. १९५४ साली सुप्रीम कोर्टाने काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या, पण वस्त्याच वेगळ्या असल्याने शाळा काही एक झाल्या नाहीत. मग कोर्टाच्या हुकमाने मुलांना बसने दुसऱ्या वस्तीतल्या शाळेत पाठवायला लागले तर १९७४ मध्ये बोस्टनला त्या बसवर दगड मारले लोकांनी. साधारण त्याच काळात, साठच्या दशकाच्या अखेरीपासून, दुसरा उपाय निघाला होता की जबरदस्ती नको, शाळेत काही तरी खास ठेवा, संगीत ठेवा, सायन्स ठेवा, मग सगळ्या वस्त्यांतली मुलं आपणहून येतील. बर्गनची शाळा काही त्या भांडणातून निघालेली नाही, पण मॅग्नेट हे नाव आलं ते तिथून. आता व्हर्जिनियातल्या थॉमस जेफरसन या सायन्सच्या नावाजलेल्या सरकारी शाळेने २०२० मध्ये प्रवेश परीक्षा काढून टाकली आणि दर मिडल स्कूलमागे काही जागा ठेवल्या तर आपलेच लोक केवढे चिडले, प्रकरण कोर्टात गेलं, शेवटी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते ऐकायलाच नकार दिला. परीक्षा असावी की नसावी यावर माझंही मत पक्कं नाही, मेहनत करणाऱ्या मुलाचं नुकसान होऊ नये असंच वाटतं. पण आपल्या नवोदय विद्यालयांत ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात त्याला नावं न ठेवणारे लोक इथे येऊन एवढे का तापतात ते समजत नाही.

तिकडे आपल्या देशाच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्पष्ट लिहिलंय की कला आणि विज्ञान यांच्यात भिंत नको. माझी भाची यंदा अकरावीला गेली, तिला सायन्सही पाहिजे होतं आणि चित्रकलाही, तर कॉलेजात फॉर्म घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "एवढे मार्क असताना चित्रकला कशाला गं?" झालं, घेतलं सायन्स आणि रंगपेटी दिली धाकट्या भावाला.

तेव्हा एक विनंती. जिल्हा परिषदेने किंवा महापालिकेने एखादी अशी शाळा काढावी, आयटीआयची वर्कशॉप, सायन्सची लॅब आणि नाटकाचा हॉल एकाच कंपाउंडात, यावर तुम्ही लिहा, त्यात बुधवारची गोष्ट नक्की घाला. आणि या वेळी त्या लेखाच्या शेजारीच आठवी फाउंडेशन बॅचची अर्धं पान जाहिरात येणार नाही एवढं बघा.

एक वाचक,
बर्गन काउंटी, न्यू जर्सी (मूळ गाव सातारा)