ओट्यावरचा उजेड

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला स्वयंपाकघराचा नकाशा नीट पाहिला. ओटा, सिंक आणि शेगडी चांगल्या जागी बसली आहेत. दिव्यांचं मात्र मला पटलेलं नाही. छताच्या मधोमध दोन ओळींत सहा गोल दिवे दाखवलेत. ओट्याशी उभं राहिलं की त्यातले बहुतेक तुझ्या पाठीमागे जातात, आणि चिरायला घेतलेल्या भाजीवर तुझीच सावली पडते. खोली लख्ख दिसेल, हाताखाली मात्र अंधार राहील. म्हणून आधी ओट्यावरच्या उजेडाचं ठरव, मग छताचं. तेही भिंतीच्या टाइल्स लागायच्या आत, कारण नंतर एक पॉइंट सरकवायचा तरी टाइल फोडावी लागते.

ओटा 24 इंच खोल आहे आणि वरची कपाटं 12 इंच. कपाटांच्या तळाला, पुढच्या कडेपासून साधारण दोन इंच आत, अॅल्युमिनियम प्रोफाइलमध्ये, म्हणजे पट्टी बसवायच्या पन्हळीत, एलईडी पट्टी घाल. कारागीर ती मागे भिंतीला चिकटवून देतात, कारण तिथे वायर लपवणं सोपं. पण मग सगळा उजेड टाइल्सवर सांडतो आणि चिरायची जागा कोरडी राहते. सुताराला तळाच्या 18 मिलिमीटर प्लायला आधीच खाच मारायला सांग, म्हणजे प्रोफाइल आत बसेल. कपाटाची दारं तळाखाली दोन सेंटिमीटर उतरू देत. म्हणजे जेवणाच्या टेबलाशी बसलेल्याच्या डोळ्यांत पट्टीचा उजेड जाणार नाही.

तुमचा ग्रॅनाइट काळा आणि चकचकीत आहे. साध्या पट्टीतला एकेक एलईडी त्यात ठिपक्यांच्या रांगेसारखा उमटतो, आणि ते रोज डोळ्यांना टोचतं. म्हणून सीओबी पट्टी घे, जिच्यात ठिपके न दिसता सलग रेघ दिसते, आणि प्रोफाइलला दुधी झाकण लाव. प्रोफाइल वगळू नकोस. पट्टीची उष्णता अॅल्युमिनियममधून बाहेर जाते. नुसत्या प्लायवर चिकटवली तर गोंद सुटतो आणि पट्टी लवकर मंद होते.

आता हिशेब. चिमणीच्या एका बाजूला साडेतीन फूट आणि दुसऱ्या बाजूला साडेचार, मिळून आठ फूट, म्हणजे जवळजवळ अडीच मीटर. मीटरला 10 वॅटची पट्टी घेतली तर 25 वॅट. ड्रायव्हर, म्हणजे घरातली 230 व्होल्टची वीज पट्टीसाठी उतरवणारा डबा, 36 वॅटचा घे. नेमका 25 चा घेतला तर तो कायम पूर्ण भाराखाली तापत राहतो आणि पहिला तोच जातो. पट्टी आणि ड्रायव्हर दोन्ही 24 व्होल्टचे हवेत, 12 चे नकोत. तेवढ्याच वॅटला 12 व्होल्टवर दुप्पट करंट लागतो, वायरमध्ये व्होल्टेज पडतं आणि पट्टीचं लांबचं टोक फिकं दिसतं. चिमणीच्या दोन्ही बाजूंना ड्रायव्हरपासून वेगवेगळी वायर ने, एका पट्टीतून दुसरी जोडू नकोस. चिमणीखाली पट्टी लावायची नाही. तिथे वाफ आणि तेल दोन्ही चढतं, आणि चिमणीला स्वतःचा दिवा असतो.

पट्टी कापायची ती तिच्यावर छापलेल्या तांब्याच्या खुणेवरच. जोड क्लिपचा नको, डाग देऊन (सोल्डर) करून घे. क्लिप तेलकट ओलाव्यात ढिली होते आणि मग पट्टी लुकलुकायला लागते. ड्रायव्हर कपाटांच्या डोक्यावर, चिमणीपासून लांब, हात पोचेल अशा जागी ठेव. छतात किंवा बंद खोक्यात कोंबू देऊ नकोस. सिंकवरच्या भागात पाणी उडतं, तिथे प्रोफाइलची टोकं बंद करून घे.

छताचे दिवे तीनच पुरतील. खोली 8 बाय 10 फूट, म्हणजे साडेसात चौरस मीटरला थोडी कमी. सगळीकडे 200 लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला 200 ल्युमेन उजेड, हवे असतील, तर भिंतींत मुरणारा आणि काचेवर धूळ बसून घटणारा उजेड धरून 3000 ल्युमेनच्या थोडे वर लागतात. वॅटला 100 ल्युमेन देणारे 12 वॅटचे तीन दिवे 3600 देतात. ओट्यावर पट्टीचा उजेड आहेच. दिव्यांची ओळ ओट्याच्या भिंतीपासून 24 इंचांवर, म्हणजे बरोबर ओट्याच्या पुढच्या कडेच्या वर घे. दहा फुटांत पहिला 20 इंचांवर, पुढचे 60 आणि 100 वर.

आता या तीन पॉइंटपर्यंत वायर न्यायची तर स्लॅबला झिरी मारू द्यायची नाही, आतली सळई उघडी पडते. त्यापेक्षा ओट्याच्या बाजूला अडीच फूट रुंद, चार इंच उतरलेला जिप्समचा पट्टा कर. वायरी त्यातून जातील आणि उरलेलं छत आहे तसं उंच राहील. पूर्ण फॉल्स सीलिंगचा खर्च मला पटत नाही.

उजेडाचा रंग 4000 केल्विन घे. 6500 चा पांढराफटक उजेड अन्नाला निस्तेज करतो, आणि 2700 मध्ये पिवळेपणा इतका येतो की कांदा तांबूस झाला की अजून कच्चा, ते कळत नाही. सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, 90 च्या वर हवा. दुकानात दिव्याखाली हाताचा तळवा धरून बघ, राखाडी दिसला तर दिवा परत कर. फोनचा कॅमेरा स्लो मोशनवर धर, उजेडात गडद पट्टे सरकताना दिसले तर ड्रायव्हर हलका आहे.

वायरमनला एवढं सांग. दिव्यांसाठी दीड चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, वेगळा 6 अॅम्पिअरचा एमसीबी (भार वाढला की पडणारा स्विच), आणि बोर्डात 30 मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पडणारा स्विच). ओव्हन आणि मिक्सरचे प्लग या सर्किटवर नकोत. दिव्यांचं न्यूट्रल (परतीची वायर) दुसऱ्या सर्किटमधून उचलू देऊ नकोस, नाहीतर आरसीसीबी विनाकारण पडत राहील. बटण फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरवरच हवं. न्यूट्रलवर बसवलं तर बटण बंद करूनही दिवा मंद जळत राहतो, आणि साफ करताना त्यात फेज असतोच. 24 व्होल्टची वायर 230 च्या पाइपात घालायची नाही. पट्टी आणि छताचे दिवे वेगळ्या बटणांवर. पट्टीची लाइन इन्व्हर्टरवर घ्या. 25 वॅट म्हणजे त्याला काहीच नाही, आणि वीज गेली तरी केतकीचा स्वयंपाक थांबत नाही.

भिंतीतले पाइप उभे किंवा आडवे, तिरपे कधीच नकोत. पुढे कपाट टांगायला ड्रिल मारणारा माणूस तिरप्या पाइपाचा अंदाज करू शकत नाही. पट्टीची वायर जमिनीपासून 58 इंचांवर भिंतीतून बाहेर येऊ दे. ओटा 34 आणि कपाटाचा तळ 56, म्हणजे ती थेट कपाटाच्या आत निघेल. मात्र ही मापं तयार फरशीपासूनची आहेत. जुन्या फरशीवर नवी टाकणार असाल तर दीड-दोन इंच वाढतील, तेव्हा गवंड्याला आधी विचार.

प्लास्टर करण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढ आणि मलाही पाठव. टाइलवाला गुरुवारी येणार म्हणालास. बुधवारपर्यंत वायरी ओढून, टेस्टरने प्रत्येक पॉइंट तपासून झाला पाहिजे.

तुझी,
आई